जुना एसी बदलायचा की नाही? मराठवाड्याच्या उन्हाळ्यात निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा

मे महिन्याच्या मध्यात एसी गार हवा देईनासा होतो. मेकॅनिक चार दिवसांनी येतो, पाच मिनिटं उभा राहतो, "गॅस संपलाय, तसंही मशीन जुनं झालंय" म्हणतो आणि त्याच संध्याकाळी घरातले दुकानात पोचतात. नवा एसी बसतो. पहिले काही दिवस बरे जातात. मग लक्षात येतं की दुपारी तीनला खोली तापायची ती तापतेच, संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की मशीन बंद पडायचं ते पडतंच आणि बिलही फारसं कमी झालेलं नाही.

अशा घरांत चुकलेला असतो तो क्रम. तपासणीच्या आधी खरेदी झालेली असते. या लेखातला क्रम एकाच नियमावर उभा आहे: जो दोष नव्या मशीनच्याही वाट्याला येणार आहे, तो आधी शोधून काढायचा. खोली, छत, वीज आणि धूळ या चारांचा हिशेब लागला की मगच जुन्या मशीनकडे बोट दाखवायचं.

हाताशी एवढं असू द्या: साधा डिजिटल थर्मामीटर, मोजपट्टी, गेल्या वर्षीची मार्च ते जून या महिन्यांची वीजबिलं, एसीचं जुनं बिल आणि वॉरंटी कार्ड, दुरुस्तीच्या जमतील तेवढ्या पावत्या आणि एक वही. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती लावून करंट मोजणारा मीटर, इलेक्ट्रिशियनकडे असतो, तो विकत घ्यायची गरज नाही.

## टप्पा १: वेळ निवडा

सगळ्यात योग्य काळ महाशिवरात्र ते गुढीपाडवा. महाशिवरात्रीच्या सुमारास सर्व्हिसिंग उरकून घ्या आणि मार्चच्या उत्तरार्धात, दुपारचा पारा ३७-३८ च्या पुढे जाऊ लागला की मोजमाप करा. गारठ्यात केलेलं मोजमाप खोटा दिलासा देतं. जानेवारीत कुठलाही एसी चांगलाच वाटतो.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. आउटडोअर युनिट नीट धुवायला भरपूर पाणी लागतं. एप्रिल-मे मध्ये नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत मेकॅनिक ओल्या फडक्यावर काम भागवतो आणि त्याला "सर्व्हिसिंग" म्हणून मोकळा होतो. पाणी आहे तोवर हे काम करून घ्या.

मे उजाडलाच असेल तर टप्पा ३, ४ आणि ६ मधला कपॅसिटरचा भाग एवढंच करा आणि चार दिवस कूलरवर काढा. कोरड्या हवेत कूलर चांगलं काम करतो, घाईचा निर्णय तरी टळेल.

इशारा: एकाच बंद खोलीत कूलर आणि एसी एकदम लावू नका. कूलर हवेत ओलावा घालतो, एसी तो ओलावा काढत बसतो. मशीनची ताकद पाणी गाळण्यात जाते आणि "एसी म्हातारा झाला" असा समज होतो.

## टप्पा २: मशीनची कुंडली लिहा

आउटडोअर युनिटच्या बाजूला एक पत्र्याची किंवा कागदाची पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरून चार गोष्टी वहीत उतरवा: बनवल्याचं वर्ष, टनेज किंवा कूलिंगची क्षमता, चालू असताना घेणारा करंट आणि गॅसचा प्रकार. पट्टी उन्हाने पुसली असेल तर इनडोअर युनिटच्या खालच्या किंवा बाजूच्या लेबलवर यातलं बरंच सापडतं. क्षमता वॉटमध्ये असेल तर साधारण ३,५०० वॉट म्हणजे १ टन.

गॅसचा प्रकार महत्त्वाचा. आर-२२ असेल तर मशीन जुन्या पिढीचं आहे. आपल्या देशात २०२५ पासून नव्या यंत्रांच्या उत्पादनात हा गॅस वापरायला बंदी आहे. दुरुस्तीसाठी तो मिळतो, पण त्यावर मोठा खर्च करण्यात अर्थ उरत नाही. आर-४१०ए किंवा आर-३२ असेल तर दुरुस्तीचा विचार करायला जागा आहे.

जुनं वॉरंटी कार्ड नीट वाचा. बऱ्याच इन्व्हर्टर एसींच्या (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या) कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी असते आणि घरात कुणालाही ती आठवत नाही. सात वर्षांच्या मशीनचा कॉम्प्रेसर स्वतःच्या पैशांनी बदलून घेणारे किंवा मशीनच भंगारात देणारे लोक आहेत. कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस आणि मजुरी बहुधा वेगळी पडते, ते आधी विचारून घ्या.

## टप्पा ३: खोली तपासा

इथे वेळ घालवा. मराठवाड्यात "एसी गार करत नाही" या तक्रारीचं मूळ फार वेळा खोलीतच सापडतं.

आधी खोलीचं क्षेत्रफळ काढा. ढोबळ मानाने १२० चौरस फुटांपर्यंत १ टन आणि १५० ते १८० ला दीड टन पुरतो. पण हा हिशेब वर आणखी एक मजला असलेल्या खोलीचा आहे. वर उघडी गच्ची असेल, पश्चिमेची भिंत उन्हात असेल किंवा पत्र्याखाली फॉल्स सीलिंग करून खोली काढलेली असेल, तर तोच एसी अपुरा पडतो. जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीमुळे दुपारची उष्णता आत यायला वेळ लागायचा. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो.

तपासणी: रात्री दहाच्या सुमारास, एसी लावण्याआधी, स्टुलावर उभं राहून छताला आणि मग आतल्या भिंतीला हात लावून बघा. छत स्पष्टपणे जास्त गरम लागलं तर तुमचा एसी रात्रभर स्लॅबशी झगडतोय.

दुसरी तपासणी: पहाटे पाचला आणि दुपारी चारला, दोन्ही वेळा एसी एक तास लावून खोलीचं तापमान लिहा. पहाटे खोली सहज २४ पर्यंत उतरते आणि दुपारी ३० वरच अडकते, तर मशीन बहुधा ठीक आहे, खोलीचा भार जास्त आहे. पहाटेही उतरत नसेल तर दोष मशीनमध्ये शोधा. या एका तपासणीने निम्मा गोंधळ मिटतो.

छतावर उपाय करा आणि आठवडाभराने पुन्हा मोजा. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग, तो परवडत नसेल तर चुन्याचा जाड हात, किंवा गच्चीपासून दोन-तीन फूट वर ताणलेली हिरवी जाळी. जाळी थेट स्लॅबवर अंथरली तर उपयोग फार कमी, मधून हवा खेळली पाहिजे. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चटई, वाळ्याचा ताटा किंवा शेड लावा. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा फार काही करू शकत नाही. दाराखालची फट बंद करा.

आता आउटडोअर युनिट बघा. खोलीतली उष्णता बाहेर टाकायचं काम त्याचं आहे. चोरीच्या किंवा वानरांच्या भीतीने ते लोखंडी पिंजऱ्यात घालून वरून-समोरून पत्रा ठोकलेला असतो. मग त्याने फेकलेली गरम हवा तेच पुन्हा आत ओढतं. पिंजरा ठेवा, पण पंख्यासमोर पत्रा किंवा भिंत नको. वर सावली द्या, समोर मोकळं ठेवा. भिंतीपासून अंतर पुरेसं आहे का बघा. मागची जाळी भिंतीला चिकटली असेल तर हवा जाणार कुठून?

एसीची छापील क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. परभणी-नांदेडकडे पारा ४४ च्या पुढे गेला की कुठलाही एसी, नवा असो की जुना, छापील आकड्याइतकं काम करत नाही. त्यात आउटडोअर तापलेल्या कोनाड्यात असेल तर त्याच्या वाट्याला ५० अंशांची हवा येते. नवं मशीन त्याच कोनाड्यात बसवलं तर त्याचंही तेच होणार.

## टप्पा ४: वीज तपासा

इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरने एसीच्याच पॉइंटवर व्होल्टेज मोजून घ्या: एकदा एसी बंद असताना, एकदा कॉम्प्रेसर चालू झाल्यावर. दुपारी एकदा आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान एकदा, कारण वसाहतीतले सगळे कूलर-एसी एकदम लागतात ती वेळ हीच.

बंद असताना २२५ आणि कॉम्प्रेसर लागताच २०५ होत असेल तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये असण्याची दाट शक्यता आहे: बारीक वायर, सैल जोड किंवा जळका प्लग. एसीसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. प्लग काढून बघा. पिना काळवंडल्या असतील, प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर सॉकेटसकट बदला.

बंद असतानाच व्होल्टेज १८०-१९० दिसत असेल तर प्रश्न बाहेरच्या लाइनचा किंवा डीपीचा, म्हणजे वसाहतीच्या ट्रान्सफॉर्मरचा आहे. शेजाऱ्यांनाही तसंच येतं का विचारा आणि महावितरणकडे लेखी तक्रार द्या. तोवर स्टॅबिलायझर लागेल. दीड टनाला साधारण ४ केव्हीए, २ टनाला ५ केव्हीए. जुना स्टॅबिलायझर असेल तर तो खरंच व्होल्टेज उचलतो का, हेही मीटर लावून बघा. नुसता दिवा लागतो, आतली रिले कधीच चिकटून बसलेली असते.

व्होल्टेज कमी पडलं की जुना साधा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि ट्रिप होतो. इन्व्हर्टर एसीत वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजचा मार पीसीबीला, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला बसतो. वीज न सुधारता नवं मशीन आणलं तर पुढच्या उन्हाळ्यात पीसीबीचा खर्च तुमची वाट बघत असेल.

इशारा: अर्थिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. आउटडोअरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर एमसीबी पाडा आणि दुरुस्तीपर्यंत एसी लावू नका.

## टप्पा ५: पूर्ण सर्व्हिसिंग, मगच मोजमाप

फिल्टर धुणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. ते तर घरच्यांनी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी करायचं काम आहे. आपल्याकडच्या धुळीत महिनाही थांबू नये. पूर्ण सर्व्हिसिंगमध्ये इनडोअरची कॉइल, आतला गोल ब्लोअर, पाण्याचा ट्रे, ड्रेन पाइप आणि आउटडोअरची कॉइल एवढं सगळं आलं पाहिजे. ब्लोअरच्या पात्यांवर चिकटलेली काळी पुटं निघाली नाहीत तर हवेचा जोर परत येत नाही.

काम चालू असताना शेजारी उभे राहा. पाण्याचा फवारा आउटडोअरच्या पट्ट्यांवर सरळ आला पाहिजे. तिरका, जोरात मारला तर त्या नाजूक पट्ट्या दुमडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. पट्ट्या आधीच दुमडलेल्या असतील तर त्या कंगव्यासारख्या हत्याराने सरळ करून घ्या. त्याआधी एमसीबी बंद केलाय, याची स्वतः खात्री करा.

सर्व्हिसिंगनंतर मोजमाप असं करा:

१. दार-खिडक्या बंद, रिमोटवर १८ अंश, पंखा पूर्ण वेगात. वीस मिनिटं थांबा, म्हणजे कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीने चालू राहील.

२. थर्मामीटर इनडोअरच्या वरच्या जाळीजवळ धरा. ही आत जाणारी हवा. मग खालच्या फटीत धरा. ही बाहेर येणारी. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं द्या.

३. दोन्हींतला फरक लिहा. ८ ते १२ अंश म्हणजे मशीन काम करतंय. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत फरक वरच्या टोकाकडे दिसतो, जूनच्या दमट हवेत खालच्या. कोरड्या हवेतही ६ च्या आत असेल तर बिघाड आहे.

४. त्याच वेळी इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटरने करंट मोजून घ्या आणि पट्टीवरच्या आकड्याशी ताडा. करंट बराच कमी आणि गारवाही कमी असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता. करंट जास्त आणि गारवा कमी, तर आउटडोअर घाण आहे, त्याचा पंखा हळू फिरतोय किंवा कॉम्प्रेसर थकलाय.

फरक ९-१० अंश आणि करंट पट्टीच्या आसपास असेल, तर मशीनची तब्येत ठीक आहे. खोली तरीही गार होत नसेल तर टप्पा ३ पुन्हा वाचा. बदलायचं कारण उरलं असेल तर ते फक्त बिलाचं. थेट टप्पा ७ वर जा.

## टप्पा ६: बिघाड असेल तर निदान मागा

"गॅस संपला" हे निदान नव्हे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झालाय याचा अर्थ कुठंतरी गळती आहे. दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणारी घरं खरं तर दर उन्हाळ्यात त्याच भोकाचं भाडं भरतात.

म्हणून मेकॅनिकला पहिला प्रश्न हा विचारा: "भाऊ, लीक कुठं आहे ते आधी दाखवा." योग्य क्रम असा असतो. नळीत नायट्रोजनचा दाब भरायचा, जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, दाब टिकतो का काही वेळ बघायचं. गळती सापडली की ती बंद करायची. मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओलावा काढायचा आणि शेवटी पट्टीवर लिहिलेला गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. यातली एकही पायरी गाळू देऊ नका. सर्वांत जास्त गाळली जाते ती व्हॅक्यूमची. थोडा गॅस सोडून हवा "ढकलून" दिली की झालं, असं सांगितलं जातं. ओलावा आत राहतो, तेल खराब होतं आणि वर्ष-दोन वर्षांत कॉम्प्रेसरचा नंबर लागतो.

इशारा: आर-२२ च्या मशीनमध्ये स्वस्तातला दुसरा ज्वलनशील गॅस भरून द्यायची तयारी कुणी दाखवली तर स्पष्ट नकार द्या. आर-३२ थोडा आणि आर-२९० चांगलाच पेट घेणारा आहे. अशा मशीनची नळी उघडताना खोलीत हवा खेळती हवी, आणि गॅस पूर्ण काढल्याशिवाय झाळकामाची ज्योत पेटता कामा नये.

गळती कुठं आहे यावर निर्णय बदलतो. नळीच्या टोकाच्या नटपाशी असेल तर काम थोडक्यात होतं, मशीन बदलायचा विषयच नाही. इनडोअरच्या कॉइलला सुईएवढी भोकं पडली असतील तर एकदा झाळून बघता येतं. दुसऱ्यांदा तिथेच गळती लागली तर कॉइल संपली समजा. आउटडोअरची कॉइल ॲल्युमिनिअमची असेल तर गल्लीतल्या दुकानात ती टिकाऊपणे झाळून मिळणं अवघड असतं.

"कॉम्प्रेसर गेला" हे दुसरं घाईचं निदान. साध्या एसीचा कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो आणि थोड्या वेळाने बंद पडतो, तेव्हा दोषी फार वेळा कपॅसिटर असतो. काही शे रुपयांचा भाग. तो मीटरवर मोजून दाखवायला सांगा आणि कमी भरला तर बदलून बघा. मगच कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगकडे वळा. कपॅसिटर स्वतः उघडू नका, लाइट बंद असतानाही त्यात धक्का देण्याइतका भार शिल्लक असतो.

आउटडोअरचा पंखा हळू फिरणं, सेन्सर बिघडणं, ड्रेन तुंबून पाणी ठिबकणं हे सगळे दुरुस्तीचे विषय आहेत. पीसीबीचं मात्र दोन ठिकाणी विचारा: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नव्याची किंमत आणि बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला दुरुस्तीची. संभाजीनगर, लातूर, नांदेडसारख्या शहरांत असे कारागीर भेटतात. लेखी अंदाज घ्या. पुढचा हिशेब त्यावर आहे.

## टप्पा ७: हिशेब मांडा

जुना एसी रात्रीला किती युनिट खातो, हे अंदाजाने ठरवू नका. रात्री दहाला मीटरचं रीडिंग, सकाळी सहाला पुन्हा. एक रात्र एसी लावून, एक रात्र फक्त पंखे आणि फ्रिजवर. दोन्हींतला फरक म्हणजे एसीचा खप. तीन-चार रात्रींची सरासरी आणखी खात्रीची.

नव्याचा खप स्टार लेबलवरून काढता येतो. लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. समजा आकडा ८०० आहे, म्हणजे तासाला अर्धा युनिट. पण तो हिशेब सगळ्या देशाच्या सरासरी हवामानाचा आहे. आपल्या एप्रिल-मे साठी मी त्यात पाव भाग वाढवून धरतो. आठ तासांच्या रात्रीला ५ युनिट.

आता दर. इथे जवळजवळ सगळेच चुकतात. एकूण बिलाला एकूण युनिटने भागून निघालेला सरासरी दर वापरू नका. महावितरणचे घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यापुढे असे चढते आहेत. घरातला पंखा-फ्रिज खालचे टप्पे आधीच भरून टाकतात, एसीचा युनिट वरच्या टप्प्यात पडतो. म्हणून वाचलेला प्रत्येक युनिटही वरच्याच दराने वाचतो. मे महिन्याच्या बिलावर तुमचा शेवटचा टप्पा कोणता ते बघा. त्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांची बेरीज करा आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवा. स्थिर आकार यात धरू नका, तो एसी बदलून कमी होत नाही. गच्चीवर सोलर असेल आणि बिल शून्याच्या आसपास येत असेल, तर वीजबचतीचं कारण जवळपास बाद होतं.

दोन घरांचे नमुने मांडतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

पहिलं घर: वरच्या मजल्यावरची झोपायची खोली, आजी-आजोबा आणि लहान मूल. वर्षाला १०० रात्री, आठ-आठ तास. जुना एसी रात्रीला ९ युनिट, नवा ५. बचत ४ युनिट, वर्षाला ४००. दर १४ रुपये धरला तर ५,६०० रुपये. नवा एसी बसवून ४५,००० ला पडतो, जुन्याचे ४,००० येतात, म्हणजे खिशातून ४१,०००. जुन्याची दुरुस्ती १२,००० सांगितलीय, ती वाचते. उरले २९,०००. भागाकार केला की पाच वर्षांपेक्षा थोडं जास्त. इथे बदलणं शहाणपणाचं आहे.

दुसरं घर: बैठकीच्या खोलीत एसी, पाहुणे आले की आणि मे महिन्यात अधूनमधून. ४५ दिवस, पाच-पाच तास. बचत रोज अडीच युनिट, वर्षाला सव्वाशेच्याही आत. दर १० रुपये धरला तर ११२५ रुपये. दुरुस्ती ३,००० ची. ४१,००० मधून ती वजा केली तरी ३८,००० भरून निघायला जवळपास ३४ वर्षं लागतील. विक्रेता कितीही स्टार दाखवो, वीज वाचवण्यासाठी इथे एसी बदलण्यात अर्थ नाही. दुरुस्त करा आणि वापरा.

## टप्पा ८: निर्णय

नुसतं वय हे कारण नव्हे. बारा वर्षांचं, नीट सांभाळलेलं, फरक १० अंश देणारं मशीन मी काढायला सांगणार नाही.

पुढीलपैकी काही असेल तर मात्र घोळ घालू नका, बदला: आर-२२ च्या मशीनचा कॉम्प्रेसर किंवा कॉइल गेली; एकाच कॉइलला दुसऱ्यांदा गळती लागली; कंपनीने पीसीबी बनवणं बंद केलं आणि दुरुस्तीही टिकत नाही; आउटडोअरची चौकट गंजून भिंतीवर धोकादायक लटकतेय; किंवा छताचे सगळे उपाय करूनही मशीनचं टनेज खोलीला मुळातच अपुरं आहे.

यांत बसत नसेल तर हिशेब बोलू द्या. नवा एसी पाच-सहा वर्षांत भरून निघत असेल तर बदला, दहाच्या पुढे जात असेल तर दुरुस्त करा. मधल्या घरांत मी एक प्रश्न जास्त मोलाचा मानतो: या खोलीत कोण झोपतं? वयस्क माणूस, हृदयरोगी, बाळंतीण असेल तर भर मे मध्ये दगा देऊ शकणारं मशीन ठेवू नका. तोच जुना एसी कमी वापराच्या खोलीत हलवता येतो. हलवताना गॅस आउटडोअरमध्ये बंद करून घ्यायला सांगा, म्हणजे तो वाया जात नाही.

## टप्पा ९: घ्यायचंच ठरलं तर

तारे मोजत बसू नका, लेबलवरचा आयएसईईआर (हंगामभरात खाल्लेल्या विजेच्या मानाने मशीन किती गारवा देतं) हा आकडा वाचा. ताऱ्यांची पट्टी बदलत असते. जुलै २०२२ च्या आधी ४.५० ला पाच तारे मिळत, त्यानंतर त्यासाठी ५.०० लागू लागले. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मालावरचे पाच तारे आणि नव्या मालावरचे पाच तारे सारखे नसतात. लेबलवर छापलेला वैधतेचा काळही बघा. गेल्या वर्षी-दोन वर्षांपूर्वी काढून ठेवलेलं कोटेशन वापरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.

जास्त रात्री वापर असेल तर पाच तारे, कमी असेल तर तीन पुरतात. वाचलेले पैसे छतावर घाला. माहितीपत्रकात दोन आकडे शोधा: बाहेर किती अंशांपर्यंत मशीन चालतं आणि किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत. आपल्या भागासाठी पहिला आकडा ५० च्या आसपास किंवा वर हवा. दुसरा तुमच्या टप्पा ४ च्या नोंदीशी ताडा; त्यात बसत नसेल तर "स्टॅबिलायझर लागत नाही" या बोलण्यावर जाऊ नका. आउटडोअरची कॉइल तांब्याची घ्या. आणि त्या कंपनीचा मेकॅनिक तुमच्या तालुक्यात प्रत्यक्ष येतो का, हे दुकानदाराला न विचारता तो एसी वापरणाऱ्या शेजाऱ्याला विचारा.

बसवताना जुनी तांब्याची नळी तशीच वापरू देऊ नका, विशेषतः जुनं मशीन आर-२२ चं असेल तर. तिच्यात जुनं तेल असतं आणि नव्या गॅसचा दाब बराच जास्त. नव्या नळीला मध्ये जोड नको, इन्सुलेशन दोन्ही नळ्यांना वेगवेगळं हवं. व्हॅक्यूम पंप घरात आलेला तुमच्या डोळ्यांनी बघा. पंप नसेल तर काम थांबवा आणि दुसरा दिवस घ्या. जुनी तांब्याची नळी आणि स्टॅबिलायझर एक्स्चेंजमध्ये धरलेत का, ते बिल फाडण्याआधी ठरवा. नाहीतर बसवणारे ते गृहीत धरून घेऊन जातात.

पहिल्याच आठवड्यात टप्पा ५ ची चारही मोजमापं नव्या एसीवर करा आणि तारखेसह वहीत लिहा. इन्व्हर्टरचा करंट वर-खाली होत राहतो, म्हणून १८ अंशांवर पूर्ण ताकदीला असतानाचाच आकडा घ्या. हवेतला फरक ८ अंशांच्या आत आला तर दुकानदाराला फोन न करता कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक त्याच पानावर उतरवून ठेवा. बसवतानाची गळती पहिल्या महिन्यात दाखवून दिली तर ती बसवणाऱ्याच्या माथी राहते. तीच पुढच्या मार्चमध्ये सापडली तर गॅसचे पैसे तुमच्याकडून मागतील.